फ्रेमाचं वजन

फ्रेमाने दोन्ही हात वर धरले आणि पोकुआने तिच्या कमरेभोवती कापडाचा आणखी एक वेढा घातला. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत त्या दोघीच होत्या. बाहेर अंगणात ढोल जुळवणं चाललं होतं.

"घट्ट आवळ गं. नाचताना सुटलं तर मेलेच मी."

"श्वास कोंडेल."

"कोंडू दे. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

पोकुआने दातांत धरलेलं टोक गाठीत खोवलं. जुनी, जाड कापडं नितंबांवर नीट बसवून तिने वरून झगा ओढला, तशी फ्रेमा पुन्हा भरलेली दिसायला लागली. नवऱ्याघरी सुखात असलेल्या बाईसारखी.

दोघी एकाच आरोग्य केंद्रातल्या नर्स. गावातल्या बायकांची वजनं आटोक्यात आणायची, त्यासाठी केंद्रात वेगळी खोली हवी, काटा हवा, हा विचार मूळ पोकुआचा. बाळंतपणाच्या रजेत, मांडीवर न्हिराला पाजत, मोकळ्या हाताने तिने सगळा आराखडा लिहून काढला होता. खोली उघडली, भिंतीवर तक्ते लागले, आणि चिटपाखरू फिरकलं नाही. या गावात बाई बारीक झाली की दोनच अर्थ निघतात: नवरा पोसत नाही, नाहीतर नाव न घेण्यासारखं दुखणं लागलंय. मग बारीक व्हायला उजळ माथ्याने त्या खोलीत शिरणार कोण?

फ्रेमाने वजनाचा शब्दही काढला नाही. मयताच्या वेळी नाचायचा अदोवा नीट यायला हवा, सराव करू या, एवढंच म्हणाली. संध्याकाळी अंगण भरू लागलं. बायका घामाघूम व्हायच्या, हसायच्या, आणि सगळ्याच मिळून थोड्या थोड्या उतरल्या, तेव्हा कोण कुणाला बोलणार? रोज पुढे नाचायची ती फ्रेमा. तीच जास्त उतरली.

न्हिरासुद्धा फ्रेमा दिसली की आईच्या कडेवरून झेप घ्यायची.

म्हणूनच त्या दिवशी वेणी घालून घेताना पोकुआच्या तोंडून निघून गेलं होतं, "फ्रेमा हल्ली फारच वाळलीय, नाही?" एवढंच. वेणी घालणारीचे हात क्षणभर थांबले होते. त्यानंतर निम्मं अंगण ओस पडलं.

आज जिल्ह्याचे डॉक्टर अग्येकुम आले होते. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात एकालाच जागा होती, खोलीला किंवा नाचाला. फ्रेमाच्या शब्दाखातर बायकाही आल्या होत्या. त्यांनी नाचून दाखवलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, घाम पुसला.

"छान. पण नाचून वजन उतरतं याला पुरावा काय? एकीचं तरी वजन केलंय?"

"आम्हाला काट्यावर चढवायला आम्ही काय बाजारातले यामचे कंद आहोत, डॉक्टर?" एक म्हातारी म्हणाली. बायका फिदीफिदी हसल्या.

"मग सिस्टर फ्रेमा चढतील. त्यांचं सुरुवातीचं वजन केंद्रात आहेच. आणा काटा."

काटा केंद्रातल्या पोकुआच्या खोलीतून आला. फ्रेमाने एकदा पोकुआकडे पाहिलं आणि चपला काढून ती वर उभी राहिली. डॉक्टरांनी वाकून पाहिलं.

"हे तर जिथल्या तिथे आहे. किलोभरही फरक नाही!"

पोकुआच्या पाठीवर बांधलेली न्हिरा चुळबुळ करत होती. नुसतं उभं राहायचं होतं. खोली आपोआप तिची होणार होती. आणि काट्यावर कापडांचंही वजन पडलंय हे सांगायचं, तर एवढ्या बायकांसमोर फ्रेमाची गाठ सोडायला लागली असती.

"तो काटा बिघडलाय, डॉक्टर," पोकुआ म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "कधीपासूनचा. काहीही दाखवतो."

"तुमच्याच खोलीतला ना हा?"

"हो."

"बिघडलेला काटा घेऊन खोली मागत होता?" डॉक्टर हसले, आणि मागोमाग बायकाही. "राहू द्या मग. पुढच्या वर्षी नाचच होऊ द्या."

लोक पांगल्यावर मागच्या खोलीत पोकुआने गाठ सोडायला घेतली. कापडं घामाने चिंब झाली होती. फ्रेमाच्या कमरेवर लाल वळ उठले होते.

"कोण बोललं होतं, ते त्या वेणीवालीने मला तेव्हाच सांगितलं," फ्रेमा पाठमोरीच म्हणाली.

पोकुआचे हात थांबले.

"मग बांधायला मलाच का बोलावलंस?"

"जिने बांधलं, ती पुन्हा बोलणार नाही, असं वाटलं. आण ती पोर इकडे, तुझी पाठ मोडली असेल."

न्हिराने आधीच हात पुढे केले होते. फ्रेमाने तिला पाठीवर घेतलं, तेच ओलं कापड झटकून भोवती गुंडाळलं, आणि पोर दोन झोके घेताच झोपलीसुद्धा. आईकडे तिला निजायला घटका लागायची. पोकुआ खाली पडलेल्या कापडांच्या घड्या घालत राहिली. एक घडी दोनदा मोडून पुन्हा घातली.