काचेतलं भांडं

"या भांड्यासोबत सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे!" विहीणबाई म्हणाल्या.

लेकाच्या लग्नानंतरची दोन्ही घरांची ही पहिलीच सहल. कुण्या सरदाराचा जुना महाल बघायला आलो होतो. झुंबरं झाली, भिंतीवरची हरणांची मुंडकी झाली, आणि माहिती सांगणाऱ्याने आम्हाला थेट शेजघरात आणून उभं केलं. पलंगाशेजारी काचेच्या पेटीत, दिव्याच्या झगमगाटात, शौचाचं चांदीचं भांडं.

"सरदारसाहेब रात्री पलंगावरून उतरायचेच नाहीत," तो कौतुकाने सांगत होता. "धडधाकट होते हं! पण फरशी गार लागायची. म्हणून या कोनाड्यात एक माणूस हे भांडं घेऊन रात्रभर उभा असायचा."

लोक हसले. माझा लेकही हसला. मी कोनाड्यात डोकावले. धड बसताही येणार नाही एवढीशी जागा. मेल्यांनी मुद्दामच तशी ठेवली असणार.

मी जन्मभर इस्पितळात आया होते. भांडं उचललं की आधी त्यावर फडकं टाकायचं आणि मगच पाऊल उचलायचं, ही आमची रीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची लाज आपल्या हातात असते. इथे धडधाकट माणसाचा माज दिवे लावून मिरवत होते. मला किळस आली. भांड्याची नव्हे, ती किळस तर कधीच मेली.

"तुम्हाला काय, याची सवयच असेल," विहीणबाई माझा हात धरून म्हणाल्या. "नर्स होतात ना तुम्ही?"

मी लेकाकडे पाहिलं. तो छताकडे बघायला लागला. म्हणजे असं सांगून सोयरीक जुळवली होती तर!

"नर्स नव्हते हो. आया होते. हीच भांडी उचलून याला शिकवलं."

विहीणबाईंचा हात अलगद सुटला.

"आई, आत्ताच बोलायला हवं होतं का?" लेक दात-ओठ खात पुटपुटला.

"मग काय मेल्यावर बोलू?"

फोटो निघाला. मला कोणी बोलावलं नाही. सगळे संगमरवरी जिन्याकडे वळले. कोनाड्याला लागूनच नोकरांचा अरुंद जिना होता.

"इकडून उतरलं तर चालेल?" मी माहिती सांगणाऱ्याला विचारलं.

"चालेल की. पण तिकडे बघण्यासारखं काही नाही, मावशी."

जिन्यातली भिंत एका बाजूने खांद्याच्या उंचीवर घासून गुळगुळीत झाली होती. दोन्ही हात भांड्यात गुंतले की माणूस खांद्यानेच भिंत धरतो. मीही तिथेच खांदा टेकवला आणि सावकाश उतरले.