बर्फाला ऐकू जाईल!

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डावा. बूट कसा बोलेल म्हणता? अहो, बुटाला जीभ असते. ती काय नुसती लोंबायला दिलीय?

आणि आधीच सांगून टाकतो, मी महाभित्रा आहे. त्यात माझा काही दोष नाही. ज्या बैलाच्या कातड्याचा मी झालो, तो म्हणे स्वतःच्याच शेपटीला दचकायचा. एकदा असाच शेपूट बघून जो उधळला, तो कुरणं तुडवत, नदी ओलांडत थेट बुटांच्या कारखान्यातच शिरला. उजवा बूट दुसऱ्या बैलाचा. तो कशालाच भीत नाही, कारण त्याला काही कळतच नाही. खोटं सांगत असेन तर माझा सोल गळून पडो!

आम्हा दोघांच्या नाकात पोलादाची वाटी आहे. क्लिफर्डमामानं आम्हाला धरणाच्या कामासाठी घेतलं होतं. एकदा एक मूस, म्हणजे घोड्याहून थोराड सांबर, माझ्या नाकावर येऊन उभा राहिला आणि तिथंच विचार करत बसला. मामा सांगतो, पाच मिनिटं. मी सांगतो, अख्खी दुपार. शेवटी मामाचं बोट शाबूत आणि मूस लंगडत गेला. तेव्हा सगळ्या वस्तीनं माझं नाक थोपटलं होतं. काय कौतुक, काय कौतुक! पण धरण बांधून झालं, मामाचे गुडघे गेले, आणि आम्ही दाराजवळच्या खिळ्याला लटकलो. माझ्यात एका उंदरीणबाईंनी बाळंतपण उरकलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग तळ्याच्या पलीकडं खाण निघाली.

आमची वस्ती क्री लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, पार उत्तरेला. तिथं काम मिळायचं म्हणजे एक तर ती खाण, नाहीतर दूरचं विनिपेग शहर. आणि खाणीत नोकरी मागायला जायचं तर पायात पोलादी बूट हवेत, नाहीतर फाटकातूनच परत. असा जोड वस्तीत एकच. आम्ही! झालं. ज्याला नोकरी हवी तो आम्हाला खिळ्यावरून उतरवायला लागला. बारीक पावलाचे सशाची कातडी कोंबायचे, मोठ्या पावलाचे श्वास रोखून आत घुसायचे.

आणि सगळे हात हलवत परत यायचे.

त्याचं असं आहे. आमच्याकडं स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती करत नाहीत. मी मासे छान पकडतो म्हणालात, की जाळं रिकामं. मी मूस नेमका टिपतो म्हणालात, की मूस दुसऱ्या रानात. ज्याच्या जिवावर बढाई मारायची, तो ऐकत असतो हो! आणि सगळ्यांत तिखट कानाचा कोण? बर्फ. खाणीवाले मात्र पहिलाच प्रश्न विचारणार, "तुम्ही किती चांगले, ते सांगा." आमचा एझ्रा, जो गोठलेलं इंजिन नुसतं खाकरून चालू करायचा, तो तिथं खाली मान घालून म्हणाला, "जमतं थोडंफार. माझा भाऊ माझ्यापेक्षा बरा." भाऊ तर नोकरी मागायला गेलाच नव्हता! काम तिसऱ्यालाच मिळालं.

तो प्रश्न आला की माझ्यातला पाय गारठायचा. इतक्या पायांचा गारठा माझ्या अस्तरात जाऊन बसलाय, की भर उन्हाळ्यातही मला हुडहुडी भरते.

अशात एके दिवशी क्लिफर्डमामाची भाची डेल्मा हिनं मला खिळ्यावरून उतरवलं, आणि मला घामच फुटला. कारण डेल्माला ट्रक हवा होता. खाणीतला तो राक्षस, ज्याचं एक चाक चर्चच्या दाराहून उंच. त्यावर आमच्यातली बाई अजून कुणी बसली नव्हती. पंधरा दिवस खाणीवर, पंधरा दिवस घरी, असं ते काम.

आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तालीम झाली. क्लिफर्डमामा खुर्चीवर पोट पुढं काढून बसला.

"मी खाणीचा साहेब. बोला बाई, गाडी कशी चालवता?"

"चालवते," डेल्मा म्हणाली.

"अगं, चालवते तर आमची म्हातारी पण म्हणायची, आणि तिनं गाडी तळ्यात घातली. नीट सांग."

"बरी चालवते."

"मोठ्यानं!"

"मी... मी खूप चांगली..."

हॅरिएटमावशीच्या हातातली बॅनॉकची भाकरी कढईत धप्पकन पडली. "हळू बोल गं, बये! खिडकी उघडी आहे. बर्फाला ऐकू जाईल! उद्या त्याच्यावरूनच जायचंय तुला!"

सगळे पोट धरधरून हसले. डेल्माही हसली. पण तिची बोटं माझ्यात मुठीसारखी वळली होती, ते मला एकट्याला ठाऊक.

तिची लेक टॅनिस टेबलाखाली बसून माझ्या नाड्यांशी खेळत होती. तिनं विचारलं, "आई, ते नाही म्हणाले तर आपण विनिपेगला जायचं?"

"आपण नाही गं बाळा," डेल्मा म्हणाली. "मी जायचं. तू मावशीकडं राहायचं."

मावशीनं जाऊन खिडकी लावून घेतली.

सकाळी निघालो. गोठलेल्या तळ्याच्या काठावर पाटी लागलेली, बर्फावरची वाट उद्यापासून बंद. उन्हाळा यंदा लवकर आला होता. हॅरिएटमावशी आपणहून गाडीत चढून बसली. म्हणाली, "मला मणी ओवायच्या सुया घ्यायच्यात." खोटं! घरी डबाभर सुया होत्या. मावशीला पोहता येत नाही, आणि बर्फाची भीती माझ्याहून जास्त. तरी बसली. काचा खाली, पट्टे काढलेले, दारं जराशी उघडी, म्हणजे गाडी बुडालीच तर उडी मारता यावी. मला उडी कशी मारता येणार? मी तर पायात! पण सकाळी बर्फ कडक होता. पोचलो.

मावशी बाहेर बाकावर बसली. आत एक टकला साहेब आणि एक चष्म्याची बाई. टेबलाखाली मी, थरथरत. उजवा ढिम्म.

साहेब म्हणाला, "तुमच्याकडची माणसं मूसच्या शिकारीचा हंगाम आला की कामावरून गायब होतात, असं ऐकतो."

डेल्मा म्हणाली, "मूसला निरोप धाडते साहेब. माझ्या सुट्टीच्या पंधरवड्यातच ये म्हणून."

चष्म्याची बाई हसली. साहेब नाही हसला. त्यानं विचारलं, "ठीक आहे. गाडी तुम्ही किती चांगली चालवता?"

आला! आला तो प्रश्न! पाय असा गारठला, की मला वाटलं आता माझा टाका न् टाका तडकणार.

आमच्याकडं नीट उत्तर द्यायचं तर आधी गप्प बसायचं असतं. साहेबाकडं गप्प बसलं म्हणजे उत्तर नाही. त्यानं घड्याळ पाहिलं.

"माझी मावशी दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसत नाही," डेल्मा म्हणाली.

"मावशीचं सोडा. तुम्ही काय म्हणता?"

खिडकीतून तळं दिसत होतं. ऊन वर आलेलं, बर्फावर पाणी चमकत होतं. अजून ते ओलांडून घरी जायचं होतं. मी मनात ओरडलो, नको बोलूस! मग वाटलं, टॅनिस! मग ओरडलो, बोल, बोल!

डेल्मानं माझ्यासकट पाय जमिनीवर घट्ट रोवला.

"आमच्या तळ्यावर माझ्यासारखी गाडी कुणीच चालवत नाही. बर्फ कुठं पातळ आहे, ते मला बसल्या जागी चाकाखालून कळतं."

साहेबानं वर पाहिलं. "बरं. कळवू."

बाहेर मावशीनं विचारलं, "काय म्हणालीस?"

"सगळंच म्हणाले."

"बर्फाचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

मावशीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. पण घरी टॅनिस, उद्या वाट बंद. "चल," एवढंच ती म्हणाली.

काठावर डेल्मानं तळ्याला मान म्हणून चिमूटभर तंबाखू बर्फावर ठेवली, आणि आम्ही निघालो. मित्रांनो, तो रस्ता आठवला की अजून माझ्या नाड्या सुटतात. चाकांखाली छपछप पाणी. अगदी गोगलगायीसारखं जायचं, कारण जोरात गेलं तर बर्फाखाली लाट उठते आणि तीच बर्फ फोडते. क्लच माझ्याकडं होता. पाय तर असा लटपटत होता, की गाडी उचक्या द्यायला लागली.

मधोमध आलो आणि बर्फ कण्हला. मग बंदुकीच्या बारासारखा आवाज. एक काळी रेघ गाडीच्या पुढून सळसळत गेली. डेल्माचा पाय दगड झाला.

तेवढ्यात मावशीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडली,

"ए तळ्या! ऐकतोस ना? या पोरीचं काही मनावर घेऊ नकोस! हिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही! हिनं चर्चची पायरी फोडली!"

"मावशी, ती तू फोडलीस!"

"गप्प बस! बर्फाला काय माहीत! ए तळ्या, ही गाडी चालवते की दळण दळते, कळत नाही! हिच्या गाडीत कुत्रं बसत नाही! बसलं तर रडतं! हिच्याहून मूस बरी चालवेल, तीही आंधळी, तीही गाभण!"

डेल्माला हसू फुटलं. भीतीनं डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. आणि मित्रांनो, त्या हसण्यानं पाय मोकळा झाला. माझ्यात ऊब आली. तिनं हळूच चाक वळवलं, काळ्या रेघेला वळसा घातला. काठाजवळ मागचं चाक खचकन खाली गेलं. मी डोळे मिटले. नाड्यांची भोकं मिटता येतात तेवढी मिटली. डेल्मानं मला दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, आणि गाडी गुरगुरत काठावर चढली. मावशीच्या शिव्या चालूच! जमिनीवर आल्यावर ती गाडीतून उतरली आणि तशीच चिखलात बसून हुंदके देऊन रडली. पुढं आठवडाभर तिचा आवाज बसलेला होता.

बर्फ गेला. मग एकदा फोन आला. डेल्माला चाचणीला बोलावलं, विमान पाठवलं, आणि चाचणी घेऊन कामावर ठेवून घेतलं.

मग सगळी वस्ती घरी लोटली. एझ्रा म्हणाला, "खाणीचं नशीब फुटलं!" क्लिफर्डमामा म्हणाला, "तिकडचे डोंगर जरा बाजूला सरकवून ठेवा म्हणावं, ही येतेय." कुणी एक गोड शब्द बोललं तर शपथ. टॅनिस रडवेली झाली, "सगळे आईला असं का बोलतात?" मावशीनं तिला जवळ ओढलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आपली आहे ना, म्हणून."

डेल्माला खाणीनं नवे बूट दिले. आम्ही पुन्हा खिळ्यावर. मित्रांनो, तुमच्या घरी असा म्हातारा बूट असेल, तर त्याला शेगडीपाशी वाळवू नका, कातडं तडकतं. वाऱ्याला टांगा, मधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि तुमच्यातलं कुणी असं भीत भीत परक्या दारात काम मागायला निघालं, तर दारातून नुसते हात हलवू नका. त्याच्या गाडीत बसा. पोहता येत नसलं तरी बसा.