शेष दोन वर्षं

डिसेंबरातलं कोवळं ऊन कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या आमच्या बाल्कनीत उतरतं ते आधी वसुधाच्या माथ्यावर. औषधांनी गेलेले केस आता दोन बोटं परत आले आहेत, मऊ, करडे, जावळासारखे. ती डोळे मिटून त्यांतून हात फिरवते आणि तिच्या मुद्रेवर अशी काही तृप्ती पसरते की मला त्या उन्हाचासुद्धा हेवा वाटतो. मी घरी आल्यावर ती इतकी कधी उजळली नव्हती, अशी माझी तक्रार आहे.

हेवा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कर्करोग झालेल्या बायकोबद्दल माणसाला काळजी वाटावी, करुणा वाटावी. मला ती वाटतेच, पण तिच्या तळाशी, पातेल्याला लागलेल्या दुधासारखा, मत्सर करपत असतो. तो मालादीचा. बागबाजारची ही बाई केमोच्या वेळी वसुधाच्या शेजारच्या खुर्चीत असायची आणि हातांना सुया टोचलेल्या असतानाच दोघींचं सख्य जमलं. माझी जागा दाराबाहेरच्या बाकावर. बदलीच्या नोकरीनं मला कोलकात्यात आणलं, निवृत्तीनंतर तिच्या उपचारांनी इथंच थांबवलं, पण बंगाली मी हट्टानं शिकलो नाही. वसुधा शिकली. मालादीच्या तोंडी माझी वसुधा ‘बोशुधा’ होते, आणि त्या हाकेला ती ज्या लगबगीनं ओ देते ती लगबग माझ्या वाट्याला आलेली नाही.

दोघींचे सणही जगावेगळे. पहिली भुवई उगवली तो दिवस, जिभेला मिठाची चव पुन्हा कळली तो दिवस, घाटाच्या पायऱ्या न थांबता चढता आल्या तो दिवस, आणि स्वच्छ आलेला प्रत्येक रिपोर्ट. अशा दिवशी त्या बागबाजारच्या घाटावर मातीच्या कुल्हडातून चहा पितात, नदीला हात जोडतात आणि कुल्हड न फोडता घरी आणतात. आमच्या खिडकीत अशी सतरा कुल्हडं मांडली आहेत. एकाही चहाला मी नव्हतो. परत आल्यावर ती नर्सबद्दल, रिक्षावाल्याबद्दल, अगदी गंगेवरच्या वाऱ्याबद्दलही भरल्या मनानं बोलत राहते आणि मी त्या यादीत माझं नाव येतंय का, याकडे कान लावून बसतो.

गेल्या महिन्यात ती फोनवर मालादीला म्हणाली, “शेष दु बछोर आमार शबचेये भालो.”

एवढं बंगाली मलाही कळलं. शेष, म्हणजे उरलेली. दोन वर्षं. ती सर्वांत छान जाणार, असं ती म्हणत होती. तर डॉक्टरांनी मुदत सांगितली होती आणि ती माझ्यापासून लपवून हिनं मालादीला सांगितली होती. लाज वाटते, पण खरं तेच लिहितो: आधी दुःख झालं नाही, आधी जळफळाट झाला. हिचं मरणसुद्धा त्या बाईला माझ्याआधी कळावं?

आठ दिवस मी घुम्यासारखा वावरलो. नवव्या दिवशी ती बाल्कनीत बसलेली असताना राहवलं नाही.

“दोनच वर्षं उरलीत हे तिला सांगितलंस, आणि मला नाही?”

ती खळखळून हसली. “अहो, काय हे! बंगालीत शेष म्हणजे उरलेलं नव्हे, शेवटचं. मागची दोन वर्षं सगळ्यांत चांगली गेली, एवढंच म्हणत होते मी.”

माझा जीव भांड्यात पडला. तो तिथं जेमतेम एक श्वास टिकला, कारण मग तिच्या वाक्याचा अर्थ नीट आत शिरला.

“मागची दोन? ही आजाराची? आणि त्याआधीची आपली चौतीस?”

तिला सारवासारव करता आली असती. तिनं केली नाही. केसांतला हात काढून मांडीवर ठेवत ती म्हणाली, “ती मी मोजलीच नाहीत हो. भरपूर आहेत असं वाटायचं. तुम्ही तरी कुठं मोजलीत?”

त्या स्वरात दोषारोप नव्हता, म्हणून तो अधिक लागला. मी आठवू लागलो. बदल्यांची गावं आठवली, दोरीनं बांधलेली खोकी, कार्यालयांचे जिने, वरिष्ठांची नावंसुद्धा आठवली. पण त्या प्रत्येक घरात ती कुठल्या खिडकीशी उभी राहायची, कशानं हसायची, कोणत्या संध्याकाळी गप्प होती, हे काही केल्या दिसेना. तिनं सरकून मला शेजारी जागा दिली आणि मी बसलो. मालादीचा हेवा गेला नाही. त्याला आता खरं कारण मिळालं होतं. कारण वसुधा नसेल तेव्हा त्या बाईजवळ तिची दोन वर्षं असतील, एकेक दिवस लख्ख दिसणारी. आणि माझ्याजवळ असतील चौतीस, ज्यांतला एकही दिवस मी धड पाहिलेला नाही.