मागचा चर

"अण्णा, जिवंत आहात ना?"

थोरला हमाल गोदामाच्या मागच्या भिंतीशी वाकून विचारत होता. अण्णा चिखलात पालथे पडले होते, उजवा कान जमिनीला लावून. त्यांनी नुसता हात वर करून त्याला गप्प केलं. जमिनीखालच्या नळातून पाणी खळखळत जातंय तोवर चिंता नव्हती. खळखळ मंदावली की समजायचं, पलीकडचा नाला भरला, आता पाणी उलटं फिरणार. मग धावत जाऊन नळाच्या तोंडाला बूच मारायचं आणि नाला उतरला रे उतरला की काढायचं. यात जरा मागेपुढे झालं की एवढ्या लांबलचक पत्र्याचं सगळं पाणी मागच्या दाराने आत आलंच. आत पेंडीची हजारभर पोती.

"आहे जिवंत," अण्णा गुडघे झाडत उठले. "मरायला सवड कुठे आहे?"

"तेही खरंच. पावसाळ्यात यम आला तरी म्हणेल, अण्णा, आधी जमिनीला कान लावून या, मग निघू."

एरवी अण्णा हसले असते. आज हसू आलं नाही, कारण सकाळीच बायकोचा फोन आला होता. दोन वर्षं ती लेकीकडे होती, खुब्याचं हाड झिजलेलं. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोन्हीदा हुकली. दोन्ही वेळा पाऊस होता आणि अण्णा गोदामावर होते. आता तिसरी तारीख, येत्या सोमवारची.

"तुम्ही उशाशी असाल तरच मी त्या टेबलावर चढेन," ती म्हणाली होती. "नाहीतर जन्मभर खुरडत राहीन. सांगून ठेवते."

चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने कधी कशासाठी हट्ट धरला नव्हता. त्यामुळे ती बोलते ते खरं करणार, हे अण्णांना ठाऊक होतं.

ते तसेच ओल्या कपड्यांनी मालकीणबाईंच्या खोलीत गेले. थोरल्या मालकांमागे सगळा कारभार त्यांची ही एकुलती एक मुलगीच बघत होती.

"ताई, मला रविवारी जायचंय. महिनाभर तरी येणार नाही."

ताईंनी चष्मा काढला. "अण्णा, जा म्हणायला माझं काय जातंय? पण मागच्या वर्षी नातू झाला म्हणून दोन दिवस गेलात, तर आत घोटाभर पाणी. त्याच्या आदल्या वर्षी तेच. दुसरा माणूस ठेवून पाहिला, तिसरा पाहिला. तुमच्याशिवाय कुणाला ते जमतच नाही. बाबा म्हणायचे, अण्णाच्या हाताला गुण आहे. पावसाळा संपू द्या, मग दिवाणासारखे राहा लेकीकडे."

बोलणं मायेचं होतं, म्हणूनच अण्णांना ते जास्त लागलं. गुण कसला कपाळाचा! तो गुण काय होता, हे जगात एका अण्णांनाच माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वी या गोदामावर दोन राखणदार होते. एक अण्णा आणि दुसरा लंबू, ताडमाड उंच, बोलायला भोळा. आठवडा याचा, आठवडा त्याचा. मागच्या बाजूला लंबूने स्वतःच्या हाताने दगड लावून एक उघडा चर खणला होता. पत्र्याचं पाणी त्यात पडायचं आणि अंगण ओलांडून खालच्या खड्ड्यात जायचं. वर्षातून दोनदा झाडू मारला की झालं. शेंबडं पोरही सांभाळेल इतकं सोपं काम. आणि नेमकं तेच अण्णांच्या डोळ्यांत खुपलं. कारण थोरले मालक एकदा सहज बोलून गेले होते, "आता दोन माणसांची गरज काय?"

एक राहणार, एक जाणार. अण्णांची लेक तेव्हा शाळेत होती. त्यांनी डोकं चालवलं. गाडीची चाकं अडकतात असं सांगून तो चर मुरूम टाकून बुजवला आणि खालून नळ टाकून पाणी नाल्याकडे वळवलं. मालकांनी शाबासकी दिली. नाला भरला की पाणी उलटं येतं, मग बूच मारावं लागतं, हे मात्र अण्णांनी कुणालाच सांगितलं नाही. लंबूलाही नाही. पुढच्याच मोठ्या पावसात लंबूचा आठवडा होता. दीडशे पोती भिजली. लंबू गेला आणि अण्णा राहिले.

राहिले म्हणजे काय, अडकलेच! माणूस दुसऱ्यासाठी खड्डा खणतो तेव्हा स्वतःच्या मापाचाच खणतो म्हणतात, ते खोटं नाही. लेकीचं लग्न ठरवायला बायको एकटी गेली. आईच्या शेवटच्या आजारात अण्णा बूच मारत होते. बावीस पावसाळे त्यांनी त्या एका नळाची चाकरी केली. आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की पुढचा प्रश्न यायचाच: मग लंबूला का नाही सांगितलंत?

ते खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"ताई, मागे पूर्वी उघडा चर होता. तो मोकळा करतो. मग पाणी आपलं आपण जाईल, माणूस लागणार नाही. चाललं तर सोडाल?"

"आणि नाही चाललं तर?"

"तर राहतो मी."

हात दगडाखाली होता आणि तो काढायचा तर कातडी जाणारच, एवढं अण्णांना कळत होतं. त्यांनी मंगळवारी कुदळ मारली. चौसष्टाव्या वर्षी कुदळ काही फुलासारखी लागत नाही. बावीस वर्षं चाकांखाली दबलेला मुरूम सिमेंटसारखा झाला होता. दुपारपर्यंत हातभर उकरून व्हायचं नाही. थोरला हमाल येऊन घमेली उचलू लागला. "अण्णा, गुप्तधन पुरलंय का काय?" म्हणाला. अण्णांनी पुढची कुदळ मारली.

बुधवारी संध्याकाळी कुदळ दगडावर वाजली. लंबूचे दगड! एकही हलला नव्हता. सांध्यात सांधा बसवलेला, उतार असा की वरून लोटाभर पाणी ओतलं तर सरळ खाली गेलं. अण्णा तिथेच बसले. त्यांना लाज वाटली, इतकी की जवळ कुणी नसताना त्यांनी तोंडावर टॉवेल घेतला. पुढचे तीन दिवस त्यांनी नवीन काहीच केलं नाही. फक्त लंबूचं काम मोकळं केलं आणि पत्र्याची पन्हळ त्यावर वळवली. नळाचं तोंड कायमचं बुजवून टाकलं.

रविवारी दुपारी ढग फुटले. असा पाऊस की चार पावलांवरचं दिसेना. ताई छत्री घेऊन मागे आल्या, हमाल आडोशाला जमले. पत्र्यावरून धो धो पाणी पडत होतं आणि चरातून मुकाट्याने निघून जात होतं. तिकडे नाला भरला, काठावरून वाहू लागला, पण चराचं पाणी तिकडे जातच नव्हतं. मागचं दार कोरडंठाक.

"अण्णा!" ताई पोरीसारख्या टाळी वाजवत म्हणाल्या, "एवढं डोकं इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंत? अरे, बघा रे, अक्कल याला म्हणतात!"

हमाल हसले. थोरल्याने अण्णांच्या पाठीवर थाप मारली. पाचच्या गाडीला अजून दीड तास होता, पेटी भरून तयार होती. गप्प राहिलं असतं तर अण्णा वाजतगाजत गेले असते.

"माझी अक्कल नाही," अण्णा म्हणाले. "हा चर लंबूचा आहे."

"कोण लंबू?" एका हमालाने विचारलं.

मग अण्णांनी सगळं सांगितलं. नळ, बूच, लंबूचा आठवडा. पावसामुळे मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे हमालांनीही ऐकलं. थोरल्याचा हात पाठीवरून केव्हा निघाला ते अण्णांना कळलं नाही.

ताईंची छत्री तिरकी झाली होती, खांदा भिजत होता.

"तो बाबांच्या पाया पडत होता," त्या म्हणाल्या. "मी दारात उभी होते. सारखं एकच म्हणत होता, पाणी कुठून आलं मला खरंच कळलं नाही हो."

"हो."

"कुठे असतो आता?"

"ठाऊक नाही. मी कधी चौकशी केली नाही."

ताईंनी चराकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"गाडी कितीची आहे तुमची?"

"पाचची."

"मग निघा." आणि त्या छत्री सावरत आत गेल्या.

अण्णांनी पेटी स्वतःच उचलली. थांब्यावर पोचेपर्यंत ते नखशिखांत भिजले. गाडीत खिडकीशी बसून त्यांनी बायकोला फोन लावला.

"निघालो गं."

"अगंबाई! खरंच?" तिचा आवाज रडवेला झाला. "सोडलं त्यांनी? या पावसात?"

"सोडलं."

"मी म्हणत नव्हते, ताई मनाची चांगली आहे? उगीच घाबरत होतात तुम्ही. निघताना काय म्हणाली हो?"

गाडी सुरू झाली होती. अण्णांनी ओल्या बाहीने तोंड पुसलं.

"काही नाही," ते म्हणाले. "गाडीची वेळ विचारली."