पोपटनानांची मटकी

पोपटनानांच्या मटकीला वास येतो, हे सुरतजवळच्या कोसाडच्या त्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त नानांना आणि त्यांच्या मुलीला. मुलीला, म्हणजे नूतनला, ते एका रविवारी सकाळी शेजारच्या अंजनाबाईंकडून कळलं. अंजनाबाई मनात काही ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण ही गोष्ट त्यांनीही महिनाभर ठेवली होती, त्यामुळे बोलायला लागल्यावर त्यांना थांबवणं कठीण गेलं.

"तुला म्हणून सांगते पोरी. तुझ्या बापाची मटकी आम्ही गायीला घालतो. आता तर गायही हुंगून पुढे जाते."

नूतनला हसू आलं. माय गेल्यापासून कोणी हसवलं की तिला आधी हसू यायचं आणि मागोमाग थोडं अपराध्यासारखं वाटायचं. तसंच झालं.

"मग घेता कशाला, मावशी?"

"कशाला म्हणे. माणूस धुतलेली बंडी घालून दारात उभा राहतो, हातात पातेलं, वर झाकण. 'अंजनाबाई, आज मोड चांगले आलेत.' तू असतीस तर नाही म्हणाली असतीस?"

नूतनने नाही म्हटलं नसतं.

मोड आलेली मटकी हा मुळात प्रमिलाबाईंचा, नूतनच्या मायचा धंदा. धंदा म्हणायचा तो इतकाच की रोज सकाळी गल्लीतल्या धुळे-जळगावच्या बाया वाट्या घेऊन यायच्या आणि गप्पा मारून जायच्या. नानांचं आयुष्य कतारगामच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात गेलं. मटकी कशात भिजते आणि कशात बांधतात, याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. बायको गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवायला बोलावलं तर उठायचे, जेवून पुन्हा भिंतीकडे. नूतन लग्न होऊन कतारगामला असायची, सुट्टीच्या दिवशी यायची आणि त्या पाठीशी बोलून परत जायची.

मग एके दिवशी ती आली तर नाना ओट्याशी उभे. समोर पातेलं, पातेल्यात मटकी.

"हे काय, नाना?"

"बाया इचारतस," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. "म्हटलं, करी टाकू."

त्या दिवसापासून ते पहाटे उठू लागले, दाढी करू लागले. नूतनने त्या मटकीचे मनोमन आभार मानले आणि तिच्याकडे निरखून पाहायचं टाळलं. एरवी निरखून पाहणं हेच तिचं काम होतं. इच्छापोरच्या एका कंपनीत, जिथे चिरलेल्या भाज्या आणि कडधान्यं पाकिटात बंद होऊन दुकानांत जातात, तिथल्या प्रयोगशाळेत ती अन्नातले घातक जंतू शोधायची.

"आणि प्रियांका?" तिने आता विचारलं. प्रियांका ही अंजनाबाईंची सून, सहावा महिना चाललेला.

"तिलाच तर भारी हौस. कच्ची मटकी, वर लिंबू. मी तिच्या हातातून वाटी काढून घेते, शिजवल्याशिवाय देत नाही. पण मी काय दिवसभर तिच्या मागे फिरू?"

आता मात्र नूतनचं हसू पार गेलं. दमट, ऊबदार, गुंडाळलेली जागा म्हणजे जंतूंचं माहेर. मोड येण्यासाठी मटकीला जे लागतं, नेमकं तेच त्यांनाही लागतं. वास येणारी मटकी निदान सांगून तरी टाकते. बिनवासाची पोटुशा बाईच्या पोटात गेली तर काय होऊ शकतं, हे तिला कामामुळे नको इतकं ठाऊक होतं. आणि असं काही झालं, तर नाना पुन्हा भिंतीकडे वळतील ते कायमचे.

ती घरात गेली. नाना मटकी बांधत होते.

"नाना, कसं करता ते दाखवा ना मला."

नानांना शिकवायला आवडायचं. त्यांनी सगळं सांगितलं. सुरुवातीला त्यांनी घरात होतं ते कापड घेतलं. घरात काय होतं? उभं आयुष्य लूमवर काढलेल्या माणसाच्या घरात जे असतं ते. पलंगाखाली कारखान्यातून आणलेल्या तुकड्यांचं गाठोडं, सगळं पॉलिस्टर. चकचकीत, मजबूत, आणि पाण्याशी कट्टी असलेलं. त्यात बांधलेली मटकी वरून कोरडी आणि आतून चिकट झाली, मोड म्हणून काही आलेच नाहीत. ज्या कापडाने हात आयुष्यभर हलते ठेवले, त्याने ऐन वेळी दगा दिला.

"मंग हाई सापडनं," नाना म्हणाले.

ते मायचं जांभळं सुती लुगडं होतं. तेराव्याला तिची सगळी लुगडी वाटून झाली होती. हे एक गच्चीच्या दोरीवर वाळत राहिलं म्हणून वाचलं. नानांनी त्याची चौपदरी घडी करून त्यात मटकी बांधली होती.

नूतन त्या जांभळ्या गाठोड्याकडे बघत राहिली.

"हे धुता कसं?"

"थंड पाण्यात. रोज."

"माय कापड उकळत्या पाण्यात टाकायची, नाना. दर वेळी."

"ती फाटेल चिंध्या उकळे. हाई नवं शे. रंग जाई त्याना."

 नूतनने बरोबरच्या डबीत चार दाणे घेतले, लुगड्याच्या आतल्या पदरावर कापसाची काडी फिरवली आणि निघाली. नानांनी विचारलं, हे काय. ती म्हणाली, तपासायला. नाना म्हणाले, "तपास, तपास. पहिला नंबर येई." बाहेर पडल्यावर तिने अंजनाबाईंना बजावलं, निकाल येईपर्यंत प्रियांकाला कच्चा दाणाही द्यायचा नाही.

प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर भूपेंद्रभाई बसायचे. मूळचे सुरतचे, स्वभावाने निवांत. मराठी ते बायकोकडून शिकले होते, पण त्यातली क्रियापदं त्यांनी स्वतःची ठेवली होती. सध्या दोघं एकाच कामावर होते. जंतूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. माणसाला ते काही करत नाहीत. एका जातीचा फाज एकाच जातीच्या जंतूला ओळखतो, त्याच्या अंगाला चिकटतो, आत शिरतो, आत स्वतःच्या शेकडो प्रती काढतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. असे फाज मोड आलेल्या कडधान्यांवर फवारले, तर औषध न मारता, चव न बदलता साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू आटोक्यात ठेवता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. फाज शोधायचे कुठे, तर जिथे जंतू भरपूर तिथेच. म्हणून भूपेंद्रभाई आठवड्यातून एकदा बूट घालून सांडपाण्याच्या नाल्यावर जायचे आणि प्रसादाला गेल्यासारखे बाटली भरून आणायचे.

दोन दिवसांनी नूतनने नमुन्यातले जंतू वाढवायला ठेवलेली काचेची बशी उघडून पाहिली. मोजायला काही शिल्लकच नव्हतं. बशीभर जंतू एकमेकांत मिसळून साय धरल्यासारखे पसरले होते. दुसऱ्या बशीवर ई. कोलायच्या, म्हणजे मैल्यातून येणाऱ्या जंतूच्या, हिरवट चकाकीचे ठिपके.

भूपेंद्रभाईंनी डोकावून पाहिलं. "आ कोनो माल छे? बंद करवी पडशे फॅक्टरी."

"माझ्या वडिलांचा."

 भूपेंद्रभाई खुर्ची ओढून बसले. नूतनने त्यांना लुगड्याचं सांगितलं, आणि मग दुपारभर मनात घोळत होतं तेही विचारलं. फाजच्या पाण्यात ते कापड बुडवून ठेवलं तर? उष्णता नाही, साबण नाही. रंगाला धक्का नाही.

"आपला फाज फक्त साल्मोनेलाला ओळखते," भूपेंद्रभाई म्हणाले. "आ कापडात तर मेळा भरला आहे. एक चोर पकडून काय करशील? अने आपला माल अजून चाचणीत आहे, घरे लई जवाय नहीं. ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"नूतनबेन, गरम पाणी नावाची पण एक टेक्नोलॉजी आहे. जुनी छे, पण चालते."

नूतन हसली नाही. तिच्या लक्षात आलं की तिने दुपारभर वाचलेले शोधनिबंध, थंड प्लाझ्मा, अतिनील प्रकाश, दाबाचे प्रयोग, हे सगळं एकाच गोष्टीसाठी होतं. लुगडं न उकळता कसं भागेल. नानांना रंग जायला नको होता म्हणून नव्हे. तिलाच नको होता.

तिने बशीचा फोटो काढला आणि संध्याकाळी थेट कोसाड गाठलं.

नानांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"हाई काय, रांगोळी?"

"जंतू आहेत, नाना. मटकीतले."

"मन्ही मटकीतले?"

"लुगड्यातून येतात. थंड पाण्याने ते मरत नाहीत. आणि बाधले तर माणूस आजारी पडतो. प्रियांकासारखी असली, तर जास्तच."

नानांनी फोन खाली ठेवला. तिला वाटलं, आता ते पलंगाकडे जातील. ते चपला घालू लागले.

"कुठे?"

"सकायना माल घरोघर शे," नाना म्हणाले आणि बाहेर पडले.

नूतन मागे धावली तोवर ते समोरच्या कविताच्या दारात पोचले होते. "कविता, आजनी मटकी खावू नका. फेकी द्या. खराब शे."

कविता गडबडली. म्हाताऱ्याला वाईट वाटेल, एवढंच तिला सुचलं. "अहो नाना, काय खराब? आम्ही तर दुपारीच खाल्ली. फार छान होती."

नानांचा चेहरा उतरला. ते पुढच्या दारी गेले. तिथे विठ्ठल शेव खात बसला होता. "खाल्ली ना नाना, सगळी संपवली. पोरांनी तर बोटं चाटली." त्याच्या पुढच्या दारी तर म्हातारीने दोनदा वाढून घेतल्याचं सांगितलं. दारामागून दार, प्रत्येकाने आधीच्यापेक्षा जास्त खाल्ली होती. कोणाच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसती माया होती. आणि नाना दारागणिक खचत चालले होते. नूतनला काय चाललंय ते कळत होतं, पण सांगायचं तर नानांना काय सांगायचं? तुमची मटकी कोणी तोंडात घेत नाही, हे?

गल्लीच्या टोकाला नाना नळाच्या कट्ट्यावर बसले. 

"आखी गल्ली खाई गयी, नूतन. लहान पोरं शेतस त्यामा. रिक्षा बोलाव. सगळ्यासले दवाखानामा लई जाऊत."

नूतन अंजनाबाईंकडे पळाली आणि त्यांना हाताला धरूनच घेऊन आली.

"मावशी, खरं सांगा त्यांना. आत्ता."

अंजनाबाईंनी नानांकडे पाहिलं, नूतनकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"नाना, कोणी खाल्ली नाही. आज नाही, काल नाही, महिना झाला. वास मारते तुमची मटकी. विठ्ठल तर पातेलं लांबून दिसलं की बायकोला पुढे करून मागच्या दाराने सटकतो."

"प्रियांका?"

"तिची मी शिजवून देते. आज तर तीही दिली नाही. खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो."

 लांबून आपल्या दारात उभी राहून ऐकणारी कविता हळूच आत सरकली.  नूतनला वाटलं, हे ऐकवायला नको होतं. मग नानांचे खांदे हलायला लागले. ती घाबरून खाली वाकली, तर ते हसत होते.

"महिनाभर," नाना म्हणाले. "महिनाभर पहाटना उठीसन, आं? अन् तुम्ही हाई सगळं फेकत होतात."

"तुमचं मन मोडवत नव्हतं," अंजनाबाई म्हणाल्या.

"तोंडावर सांगतात तर मी काय मरतू का?"

"आम्हाला तीच भीती होती," अंजनाबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर नानांनी मोठं पातेलं गॅसवर चढवलं. लुगडं सोडलं, आतली मटकी कचऱ्याच्या पिशवीत झटकली. नूतन मध्ये पडली.

"राहू द्या नाना. मी मलमल आणते बाजारातून. हे धुऊन कपाटात ठेवू."

"कपाटमा ठी काय करशी?"



नानांनी लुगड्याचं टोक हातात घेतलं, दोन वेळा चाचपून धागा कुठे सरळ जातो ते पाहिलं, किनार विळीवर कापली आणि एका झटक्यात हातभर तुकडा फाडला. रेघ मारल्यासारखा सरळ. उरलेल्या लुगड्याची घडी करून त्यांनी ती नूतनच्या हातात दिली. ती ओलसर होती, जड होती आणि तिला मटकीचाच आंबूस वास येत होता. मायचा नाही. नूतनने तरीही ती जरा वेळ धरून ठेवली.

पाण्याला उकळी आली. नानांनी तुकडा आत सोडला आणि चमच्याने दाबून धरला. पाणी हळूहळू जांभळं होत गेलं.

"कितला येय?"

"बराच वेळ, नाना. उकळू द्या चांगलं."

"मंग तव्हर तू मटकी भिजी ठेव. मूठभर."

"मूठभरच?"

"आपली दोन्हीसपुरती," नाना म्हणाले. "शिजाडीसन खाऊत. मंग पाहू बायासनं."