न शिकवलेला खोकला

मी पोपट बोलतोय. त्यात काय नवल, पोपटच तो, बोलणारच, असं तुम्ही म्हणाल. पण आजवर मी बोललो ते सगळं दुसऱ्यांचं होतं. आज स्वतःचं सांगतो, तेवढं ऐकून घ्या. आणि पिंजऱ्याचं दार उघडा म्हणून मी गयावया करीन अशी वाट पाहत असाल, तर तसं काही होणार नाही. बाहेरची हवा मी खिडकीतून रोज बघतो. हो, बघतो. आमच्या या एवढ्याशा शहरात हवा दिसते.

माझा जन्म कुठल्या झाडावर झाला ते मला आठवत नाही. डोळे नीट उघडायच्या आत मी पक्षी विकणाऱ्याच्या टोपलीत होतो. तिथून मला बाबांनी घरी आणलं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, हे त्यांचं काम. घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझा पिंजरा टांगला गेला आणि समोर थेट कारखान्याची चिमणी. घरातही एक चिमणी होती, ती म्हणजे बाबांची लेक. "एक चिमणी मला पोसते आणि एकीला मी पोसतो," असं म्हणून ते स्वतःच हसायचे, आणि हसता हसता खोकायचे. खऱ्या चिमण्या मात्र त्या खिडकीतून मी कधीच पाहिल्या नाहीत.

मला बोलायला शिकवायचा चिमणीने चंगच बांधला होता. शाळेतून आली की मिरची पुढे धरून 'या, बसा' म्हण, म्हणून मागे लागायची. मी मिरची खायचो आणि चकार शब्द काढायचो नाही. मग एके सकाळी मी तोंड उघडलं ते बाबांचा खोकला काढायला. आधी दोन कोरडे ठसके, मग छातीच्या तळातून ओढून आणलेला लांबलचक खोकला, शेवटी 'हुश्श'. शिकवायला गेली शब्द आणि मी शिकलो खोकला, असा चिमणीचा पोपट झाला. घरात हसून हसून पुरेवाट. बाबांनी कारखान्यातल्या मित्रांना मुद्दाम ऐकायला आणलं. तेही हसले, आणि हसता हसता एकेक जण खोकू लागला. कुणाचा उचलावा तेच मला कळेना.

आमच्याकडे त्याला आजार म्हणत नाहीत. सवयीचा खोकला म्हणतात. डॉक्टरांनी खोकला आहे का विचारलं, तर माणसं खुशाल नाही म्हणतात, कारण सवयीचा धरायचा नसतो. बाबाही तेच म्हणत राहिले. खिडकीच्या कठड्यावर काळी भुकटी साचायची. आई ती दोन्ही वेळा पुसायची, माझं पाण्याचं भांडं घासायची, पण माणसाची छाती काही फडक्याने पुसता येत नाही. पुढे बाबांना जिना चढताना मध्येच बसावं लागू लागलं. मग ते पलंगावरून उठेनात, आणि एका दुपारी त्यांचा श्वास अडकला तो सुटलाच नाही.

मरण वगैरे मला कळत नाही, कळतात ते आवाज. बाबा गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मला सोसवेना. ते उठायचे त्या वेळी मी रोज त्यांचा खोकला काढू लागलो. एकदा आईच्या तोंडून, "पाणी तापलंय, उतरवू का?" असं निघून गेलं, आणि मग ती भिंतीला धरून उभी राहिली. खालच्या काकू जिन्यात माझा आवाज ऐकून पांढऱ्याफटक पडल्या. हा पक्षी कुणाला तरी देऊन टाक, असं त्यांनी आईला बजावलं. आईने पिंजऱ्यावर कापड टाकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच काढलं.

"असू दे," ती म्हणाली. "ह्यांचा तेवढाच आवाज उरलाय."

आई कारखान्याच्या पॅकिंग खात्यात कामाला जाऊ लागली. दुपारी घरात चिमणी आणि मी. तेव्हा ती खोकायची. आईसमोर कधीच नाही. घशाशी आलं की नळ सोडायची, नाहीतर तोंडात रुमालाचा बोळा धरायची. कारण तिनेच मला सांगितलं. आईला कळलं तर ती मावशीकडे पाठवील, मग आई एकटी पडेल, तर तू कुणाला सांगू नकोस. पोपटाला गुपित सांगायचं म्हणजे कमालच की नाही? पण पोरच ती.

मी सांगितलं नाही. मी फक्त खोकलो. सुट्टीच्या दिवशी आई भाजी निवडत होती आणि माझ्या तोंडून तो निघाला, बारीक, तुटक, शेवटी शिट्टीसारखा सूर धरणारा. चिमणी घाईघाईने म्हणाली, बाबांचाच आहे. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाबा असे खोकत नव्हते," ती म्हणाली. "आता माझ्यासमोर खोक. दाबू नकोस."

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तोंडात मारायचा फवारा दिला, आणि या हवेत राहिली तर औषधाचा काही उपयोग नाही, असं स्पष्ट सांगितलं. चिमणी मावशीकडे गेली. जाताना माझ्याशी बोललीसुद्धा नाही. आईला जाता आलं नाही. मावशीचं घर एका खोलीचं, आणि चिमणीची औषधं आईच्या पगारावर.

आता आम्ही दोघंच. माझी पिसं गळतात, माझाही श्वास घरघरतो. चिमणीचा राग गेलाय, फोन आला की आई तो पिंजऱ्याशी धरते. परवा तसाच धरला आणि मी खोकलो. पलीकडून चिमणीने लगेच विचारलं,

"आई, हा कुणाचा?"

"बाबांचाच गं. त्याला दुसरं काय येतंय?"

"बाबांचा मला ओळखू येतो, आई."

आईने फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली. सगळं ठीक आहे, असं ती कितीतरी वेळ सांगत होती.

तुम्ही आमच्या खिडकीखालून जाल तेव्हा मला ऐकाल आणि म्हणाल, काय हुबेहूब नक्कल करतो. ही नक्कल कुणाची, ते वर येऊन आईला विचारा. ती 'काही नाही' म्हणेल. तरी पुन्हा विचारा.