एकट्याने आणायचा शार्क

माझ्या नवऱ्याला एक मोठा शार्क पकडायचा होता, आणि तो एकट्याने पकडायचा होता. यातला पहिला भाग मला वेडेपणाचा वाटायचा आणि दुसरा माझ्या सासऱ्यांना. या दोन शहाण्यांच्या मध्ये माझं जे भरीत झालं, ते सांगते.

आम्ही परदेशात राहतो; धनेश इथे बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे. आठवडाभर मीटिंगा करून जीव दमत नाही म्हणून की काय, तो शनिवारी समुद्रावर जातो. त्यांचा मासेमारीचा क्लब आहे. ही मंडळी बोट भाड्याने घेतात, शेजारच्या देशातल्या बातामला पासपोर्टवर शिक्के मारून घेतात आणि बेटांच्या पार दक्षिणेला, खोल पाण्यात, शार्कची वाट बघत उन्हात भाजत बसतात. मासा लागलाच तर बोटीजवळ आणायचा, फोटो काढायचा, गळ सोडवायचा आणि म्हणायचं, जा बाबा आता. एवढ्यासाठी आमचे शनिवार बुडाले. आमच्या मुलीच्या, जाईच्या शाळेचा स्पोर्ट्स डे असो की माझा वाढदिवस, साहेब आपले रबरी बूट धूत बसलेले.

एकदा मी भडकून विचारलं, की बाबा रे, यात एवढं आहे काय? तेव्हा त्याने क्लबचा नियम सांगितला. मासा गळाला लागल्यापासून तो बोटीला लागेपर्यंत रॉडला किंवा दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागला, की तो मासा बाद. नुसतं बोट लागलं तरी बाद. असा एकट्याच्या बळावर ज्याने मोठा शार्क आणला, त्याचा फोटो क्लबच्या भिंतीवर लागतो.

"लागू दे की," मी म्हटलं. "कोण बघणार आहे तुमची ती भिंत?"

"मी बघेन," तो म्हणाला. "अनुजा, बाबांचा हात न लागलेली माझ्या आयुष्यातली एक तरी गोष्ट दाखव मला."

मी मनात मागे मागे मोजत गेले, पण मला एकही सापडेना.

बाबा, म्हणजे माझे सासरे मनोहर, अख्खी हयात जहाजावर होते. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. वर्षातले बरेच महिने समुद्रावर आणि उरलेले घरी. घरी असायचे तेवढ्या दिवसांत वर्षभराचं बापपण उरकायचे. धनेशच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात पहिलं आलेलं पंपाचं मॉडेल बाबांनी रात्रभर बसून केलेलं. त्याने कुठली शाखा घ्यायची ते बाबांनी बोटीवरून फोन करून ठरवलं. पहिली नोकरी बाबांच्या मित्राच्या कंपनीत. आमच्या लग्नात होमाचा धूर फार होतोय म्हणून बाबांनी भटजींना बाजूला सारलं आणि समिधा स्वतः रचल्या. धूर कमी झाला, हेही खरं. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. हा माणूस प्रेमाने हात लावतो, त्याला करायचं काय?

या वर्षी ते तीन महिन्यांसाठी आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटवर आले. पहिल्याच आठवड्यात वॉशिंग मशीनची मागची बाजू उघडी. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांवर गेलो तर चहा यायच्या आत टेबल उलटं करून त्याचा पाय बघत बसलेले. आणि धनेशच्या तोंडून शार्कचं नाव निघायचा अवकाश, "मी येतो. इंजिन बघतो तुमच्या बोटीचं." धनेशला नाही म्हणता आलं नाही. त्याला बाबांना नाही म्हणता येत नाही, हे तर सगळ्या दुखण्याचं मूळ.

"तूही चल," तो मला म्हणाला. "त्यांचे हात सांभाळायला कुणीतरी पाहिजे."

म्हणजे ज्या खुळावर मी इतकी वर्षं कटकट करत होते, त्याच खुळावर माझी नेमणूक. मला बोट लागते. तरी गेले.

आदल्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. "बाबा, उद्या रॉडला हात लावायचा नाही. दोरीला नाही, कशालाच नाही."

"नाही गं लावत."

"असं तुम्ही वॉशिंग मशीनच्या वेळीही म्हणाला होतात."

"आजोबा कॅनॉट वन, लाह," जाई वरणभात कालवत तिच्या शाळेतल्या इंग्लिशमध्ये म्हणाली. "ही शुअर टच." म्हणजे आजोबांना जमायचंच नाही, ते हात लावणारच.

तिचं ऐकून माझं डोकं आणखी फिरलं आणि मी बोलून गेले, "बाबा, तुम्हाला जाईची शपथ आहे."

त्यांचा घास हातात राहिला. पंपाच्या दाबापासून जगातल्या सगळ्या गोष्टी मोजून बघणारा हा माणूस. पण शपथ म्हटली की संपलं. त्यात नातीची. ती मोडली तर तिला काही होईल, या भीतीने त्यांनी मुकाट्याने मान खाली घातली. "पोरीची कशाला घालतेस गं," एवढंच म्हणाले. धनेश मात्र हसला. काय तुम्ही बायका, म्हणाला. मला वाटलं, हसू दे मेल्याला, उद्या माझे उपकार मानेल.

पहाटे माझ्या मैत्रिणीकडे, क्षिप्राकडे, यिशुनला जाईला सोडलं आणि निघालो. बोटीचा मालक टिओ नावाचा, साठीचा, उन्हाने काळा पडलेला. त्यानेही बाबांना आधीच सुनावलं, "अंकल, नो टच, हां? टच मीन्स नो काउंट." बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही सगळ्या आशिया खंडाने त्यांच्या हातांविरुद्ध ठराव केलाय.

बातामच्या पुढे गेल्यावर पाणी गडद झालं. लिंबू हुंगत मी एका कडेला बसले. बाबांनी इंजिनाचा आवाज ऐकला, ठीक आहे म्हणाले, आणि मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. खरंच, मांड्यांखाली. शाळेतलं व्रात्य पोर बाकावर बसवावं तसे.

दुपारी मासा लागला.

रिळाने किंकाळी फोडली आणि दोरी सरसर निघाली. धनेशने कमरेच्या पट्ट्यात रॉडचं टोक अडकवलं आणि मागे रेलला. मग सुरू झालं ते संपेचना. तो दोरी गुंडाळायचा, मासा ती पुन्हा ओढून न्यायचा. टिओ बोट फिरवत राहिला. धनेशचा शर्ट घामाने अंगाला चिकटला. बाबांचे हात बांधलेले होते, पण तोंड मोकळं होतं.

"पाय फाकव! कंबर खाली! अरे, हाताने नको, पाठीने ओढ!"

"बाबा, प्लीज."

"बरं. पण पाठीने."

एकदा मासा वर आला. पाण्याखाली करडं, रुंद असं काहीतरी आडवं झालं आणि पुन्हा खाली गेलं. "बुल शार्क! बिग! व्हेरी बिग!" टिओ ओरडला. माझी मळमळ पळाली. एवढं मोठं जनावर आणि त्याला धरून आमच्या घरातला, चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसणारा हा माणूस! मला रागही येत होता आणि तो जिंकावा असंही फार वाटत होतं. मनातल्या मनात मी म्हणत होते, आण रे, आण एकदाचा, आणि लाव तो फोटो तुझ्या भिंतीवर.

पण त्याच्या हातांतला जोर संपत आला होता. एका हिसक्यासरशी त्याचा पाय घसरला, गुडघा कठड्यावर आदळला आणि रॉड खाली वाकून कठड्याला टेकली. तो कसाबसा उभा राहिला. त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मी आजवर ऐकला नव्हता.

"बाबा, धरा!"

बाबा ताडकन उठले. हात पुढे गेले आणि हवेतच थांबले. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "अनुजा, सुटली म्हण."

ज्याने शपथ घातली त्यानेच ती सोडवायची असते. मी 'सुटली' म्हटल्याशिवाय हा माणूस पोराला हात लावणार नव्हता. म्हटलं तर इतक्या शनिवारांवर पाणी. उद्या शुद्धीवर आल्यावर हाच मला विचारेल, मी घाबरलो होतो, तू तरी गप्प राहायचंस. नाही म्हटलं तर हा इथे कठड्यावरून पाण्यात.

"अगं, म्हण ना!" धनेश ओरडला.

"सुटली! सुटली!"

बाबांनी झडप घालून रॉड धरली. टिओने "ऐया!" करून कपाळावर हात मारला. संपलं. मासा बाद.

मी धनेशच्या अगदी मागे, त्याचा पट्टा धरून उभी होते, म्हणून मला जे दिसलं ते टिओला दिसलं नाही. बाबांची बोटं रॉडभोवती मिटलीच नाहीत. सांध्यांवर गाठी आलेली ती बोटं वरच्या वर टेकली होती. ते सगळा जीव काढून ओढत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पण रॉड तसूभरही वर आली नव्हती. उलट त्यांचाच तोल त्या रॉडवर गेला होता, आणि आता धनेशला शार्कही ओढायचा होता आणि बापही सावरायचा होता.

धनेशने त्या बोटांकडे बघितलं. फार वेळ नाही, पण बघितलं. बाबांचे हात बाजूला झाले असते तर त्याला सोपं गेलं असतं. तो म्हणू शकला असता. मला वाटलं आता म्हणेल.

"हां, बाबा," तो म्हणाला. "आला. आता ओढा."

आणि दात-ओठ खात त्याने ती रॉड उचलली. पुन्हा खाली, पुन्हा वर. प्रत्येक वेळी म्हणत राहिला, "ओढा, बाबा. आणखी एकदा." मघाशी संपलेला जोर आता कुठून आला, देव जाणे. बाबांना टेकायला काहीतरी हवं होतं म्हणून तो उभा होता, असंच मला वाटतं.

शार्क बोटीला लागला. टिओने लांब काठीने गळ सोडवला आणि ते धूड शेपटीच्या एका फटक्यात खाली गेलं. धनेश जिथे होता तिथेच मटकन बसला. टिओ त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "गुड फिश, ब्रदर. बट कॅनॉट काउंट."

"आय नो," धनेश म्हणाला.

परतताना बाबांना कंठ फुटला होता. फोनला नेटवर्क आल्याबरोबर ठाण्याला माझ्या सासूबाईंना फोन. "अगं, हे एवढं धूड! धनेशच्या हातून जातच होता. शेवटी मला उठावं लागलं. हो ना रे?"

"हो, आई," धनेश फोनकडे वाकून म्हणाला. "बाबा नसते तर गेलाच होता."

माझं डोकं सणकलं. त्याने एकट्याने आणला होता तो मासा! दोघांचं वजन घेऊन आणला होता, आणि त्याचं श्रेय भलत्यालाच! मी सांगणारच होते. सरळ सांगणार होते की बाबा, तुमच्या हातात काडीचा जोर राहिलेला नाही. मी तोंड उघडलं तशी धनेशने माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. नको.

मी गिळलं. मला त्या दोघांचाही इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं.

बाबांना तहान लागली होती. धनेशने शीतपेटीतून पाण्याची बाटली काढली. आमच्याकडे पाठ करून तिचं झाकण पिळून सैल केलं, पुन्हा वर नुसतं ठेवलं आणि बाटली बाबांच्या हातात दिली.

बाबांनी ती उघडली आणि आधी त्यालाच पुढे केली. "घे, तू दमलायस."